नाव एकाचं, रूप दुसऱ्याचं: कल्पित राक्षसांचा उगम शोधताना

तुम्ही विचारलं आहे की ग्रिफिन म्हणजे प्रोटोसेराटॉप्स या डायनासोरचा सांगाडा, ड्रॅक्युला म्हणजे वालेकियाचा (आजच्या रोमानियातल्या एका जुन्या संस्थानाचा) राजा व्लाद आणि एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतले मंगळवासी म्हणजे ऑक्टोपस, अशी विधानं जिथे तिथे वाचायला मिळतात. त्यात तथ्य किती, आणि ते ठरवायचं कसं?

जुन्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या सटीप आवृत्त्या तयार करण्याचं काम मी वीसेक वर्षं करते आहे. लेखकाची टिपणवही, पत्रं, त्याने वाचलेली पुस्तकं आणि त्या वर्षीची वर्तमानपत्रं पालथी घालणं हा या कामाचा मोठा भाग. त्या अनुभवावरून सांगते: पहिलं विधान बहुधा चुकीचं आहे, दुसरं फक्त नावापुरतं खरं आहे आणि तिसऱ्याचं उत्तर वेल्सने स्वतःच कादंबरीत छापून ठेवलेलं आहे. पण मुळात ‘अमुक म्हणजे तमुक’ या वाक्यरचनेतच घोळ आहे. राक्षसाला नाव असतं, रूप असतं, त्याची वागण्याची रीत असते आणि या सगळ्याखाली एक भीती असते. या चार गोष्टी चार वेगळ्या ठिकाणांहून, कधीकधी चार वेगळ्या शतकांतून आलेल्या असतात. म्हणून कुणी उगम सांगितला की मी आधी विचारते, उगम कशाचा?

ड्रॅक्युलापासून सुरुवात करू, कारण तिथे आपलं नशीब फारच चांगलं आहे. ब्रॅम स्टोकरची कादंबरी 1897 ची. तिच्यासाठी त्याने अनेक वर्षं काढलेली टिपणं शाबूत आहेत आणि फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. शंभराहून अधिक पानांचा हा ऐवज आहे. काही पानं हाताने लिहिलेली, काही टंकलिखित. सर्वांत जुन्या तारखा मार्च 1890 च्या आहेत. सुरुवातीच्या आराखड्यात खलनायकाचं नाव ‘काउंट वॅम्पिर’ होतं आणि तो राहायचा ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ ही 1872 ची रक्तपिपासू नायिकाही स्टायरियाचीच, तेव्हा पहिला धागा तिथे सापडतो.

त्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावी सुट्टीला गेला. तिथल्या वाचनालयात त्याने विल्यम विल्किन्सनचं वालेकिया आणि मोल्डाविया या संस्थानांवरचं 1820 चं पुस्तक वाचलं आणि एक तळटीप उतरवून घेतली: वालेकियन भाषेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान, आणि शौर्य, क्रौर्य किंवा धूर्तपणा गाजवणाऱ्याला तिथले लोक हे आडनाव देत. टिपणांत ‘वॅम्पिर’ खोडून ‘ड्रॅक्युला’ लिहिलेलं दिसतं. विल्किन्सनच्या पुस्तकात डॅन्यूब ओलांडून तुर्कांशी लढलेल्या एका ड्रॅक्युला सरदाराचा उल्लेख आहे आणि तेवढाच कादंबरीत आला आहे. माणसांना सुळावर चढवणाऱ्या व्लादची कथा टिपणांत कुठेही नाही, कादंबरीतही नाही. ‘व्लाद म्हणजेच ड्रॅक्युला’ हे समीकरण घराघरांत पोचलं ते 1972 साली रेमंड मॅकनॅली आणि राडू फ्लोरेस्कू यांच्या पुस्तकानंतर. म्हणजे व्लादकडून आलं ते नाव आणि थोडीशी वंशावळ.

व्हिटबीने आणखी एक गोष्ट दिली. ऑक्टोबर 1885 मध्ये ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज तिथल्या किनाऱ्याला लागून फुटलं होतं. ते नार्व्हा बंदरातून आलेलं. कादंबरीत ड्रॅक्युला ज्या जहाजातून इंग्लंडला येतो त्याचं नाव ‘डिमीटर’ आणि ते येतं वार्नाहून. नार्व्हाची अक्षरं फिरवली की वार्ना होतं. असा पुरावा हाताला लागला की मला अजूनही रात्री झोप येत नाही.

पण मग रक्त पिणारा मृत माणूस कुठून आला? तो स्टोकरच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी कागदावर उतरलेला आहे. सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना मेद्वेजा गावात काही लोक दगावले. गाडीवरून पडून मेलेला अर्नोल्ड पाओले थडग्यातून उठून माणसं मारतो, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. लष्करी शल्यचिकित्सकांनी थडगी उघडून पाहणी केली आणि 1732 साली रीतसर अहवाल सादर केला. त्यात वर्णन आहे ते न कुजलेल्या, फुगलेल्या, तोंडाजवळ ताजं रक्त असलेल्या देहांचं. आज न्यायवैद्यक शिकलेला कुणीही सांगेल की थंडीत पुरलेला देह असाच दिसू शकतो. पोटातल्या वायूने तो फुगतो, त्या दाबाने लालसर द्रव नाकातोंडातून बाहेर येतो, कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी वाटतात. तो अहवाल युरोपभर वाचला गेला.

त्या अहवालातला पिशाच मात्र सुजलेला, लालबुंद खेडूत आहे. तो रुबाबदार उमराव झाला 1819 साली, जॉन पोलिडोरीच्या ‘द व्हॅम्पायर’ या कथेत. पोलिडोरी हा कवी बायरनचा खासगी डॉक्टर. त्याच्या पिशाचाचं नाव लॉर्ड रुथव्हेन. हे नाव 1816 साली लेडी कॅरोलिन लॅम्बने आपल्या कादंबरीत बायरनवर बेतलेल्या पात्राला दिलेलं होतं, आणि लॅम्ब ही बायरनची पूर्वीची प्रेयसी. ज्याला आपण पिशाचाचा खानदानीपणा म्हणतो तो एका हयात कवीच्या व्यक्तिमत्त्वातून आलेला आहे. सूर्यप्रकाशाने मरण तर त्याहून नंतरचं. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हात विरून जाणारा पिशाच दिसतो तो 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटात.

आता ग्रिफिन. सिंहाचं धड, गरुडाचं डोकं आणि पंख. अभ्यासक एड्रियन मेयर यांनी 1990 च्या दशकात मांडणी केली आणि 2000 साली पुस्तकात ती विस्ताराने लिहिली. सोन्याच्या शोधात मध्य आशियात फिरणाऱ्या लोकांना वाळवंटात प्रोटोसेराटॉप्सचे सांगाडे दिसले, चोच आणि चार पाय पाहून त्यांनी सोन्याची राखण करणाऱ्या प्राण्याची कथा रचली आणि ती ग्रीकांपर्यंत पोचली, असं त्यांचं म्हणणं. ही मांडणी इतकी देखणी आहे की मीही कित्येक वर्षं व्याख्यानांत ती सिद्ध झाल्यासारखी सांगत आले. ती माझी चूक होती, आणि ती मी नंतर जाहीरपणे दुरुस्त केली.

अडचण काळाची आहे आणि जागेचीही. सिंह आणि पक्षी यांच्या मिश्रणाची चित्रं पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये ग्रीक कथेच्या हजारो वर्षं आधीपासून आहेत. प्रोटोसेराटॉप्सची स्थळं आणि प्राचीन सोन्याची स्थळं यांत शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. मार्क विटन आणि रिचर्ड हिंग या जीवाश्म-अभ्यासकांनी 2024 साली हे मुद्दे सविस्तर मांडले. वाळवंटात चालताना पूर्ण सांगाडा पायाशी पसरलेला दिसतो ही समजूतही त्यांनी खोडली. बहुतेक वेळा खडकातून हाडाचं एखादं टोक डोकावत असतं, आणि ते कशाचं आहे हे कळायला खोदावं लागतं. मला सर्वांत पटलेला मुद्दा अगदी साधा आहे. सिंह आणि गरुड हे दोन्ही जिवंत प्राणी समोर असताना त्यांची बेरीज करायला तिसऱ्याच्या हाडांची गरज काय?

जीवाश्मांचा आणि राक्षसांचा संबंधच नाही, असं मात्र समजू नका. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहरात ‘लिंडवुर्म’ नावाच्या ड्रॅगनचं दगडी शिल्प आहे. त्याचं डोकं घडवताना शिल्पकाराने 1335 च्या सुमारास जवळपास सापडलेली एक कवटी नमुन्याला घेतली. शिल्प साधारण 1590 चं. ती कवटी शहराने जपून ठेवली, म्हणून पुढे ती तपासता आली, आणि ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. वस्तू आहे, ती त्या माणसांच्या हातात होती याची नोंद आहे आणि परिणाम समोर उभा आहे. तरीही त्या कवटीने ड्रॅगनची कल्पना दिली असं मी म्हणणार नाही. ड्रॅगन लोकांच्या मनात आधीच होता, म्हणून तर कवटी पाहताच ती त्याची वाटली. कवटीने दिला तो फक्त चेहरा.

एकडोळ्या सायक्लॉप्सचंही असंच आहे. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर खुज्या हत्तींचे जीवाश्म सापडतात आणि त्यांच्या कवटीतलं सोंडेच्या मुळाशी असलेलं भोक एका मोठ्या डोळ्याच्या खोबणीसारखं दिसतं. ऑथेनियो आबेलने 1914 साली हा संबंध सुचवला. शक्यता म्हणून मला तो आवडतो, पण अशी कवटी पाहिली आणि तिला सायक्लॉप्स म्हटलं असं सांगणारा एकही प्राचीन ग्रीक मजकूर नाही. शक्यता या खान्यात तो राहू द्यावा.

लेखकाने स्वतः उगम सांगितला असेल तर काम सोपं होतं, असं वाटतं ना? दर वेळी होत नाही. मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ प्रसिद्ध झाली 1818 साली. 1816 च्या जूनमध्ये जिनिव्हाजवळ, अर्धवट झोपेत आपल्याला ते दृश्य दिसलं, ही हकिकत तिने लिहिली ती मात्र 1831 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत. मधे पंधरा वर्षं गेलेली. बऱ्याच समीक्षकांना तो प्रसंग मागाहून रचलेला वाटत असे. प्रस्तावनेत एक बारीक तपशील आहे: बंद झडपांमधून झिरपणारं चांदणं. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्राची स्थिती आणि डोंगराचा उतार यांचं गणित मांडलं, तेव्हा 16 जून 1816 च्या मध्यरात्रीनंतर त्या खोलीत चांदणं येऊ शकत होतं असं निघालं. म्हणजे निदान या तपशिलात तिची आठवण पक्की होती.

पण प्रस्तावनेत जे नाही तेही पाहायला हवं. फेब्रुवारी 1815 मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि काही दिवसांतच ती गेली. त्या मार्चमध्ये तिने रोजनिशीत लिहिलं आहे की बाळ पुन्हा जिवंत झालं, ते फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर त्याच्यात जीव आला, असं स्वप्न पडलं. जाग आली तर बाळ नव्हतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. आजूबाजूला मेलेल्या बेडकांचे पाय विजेने हलवून दाखवणाऱ्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाची चर्चा होती, त्याचा भाचा आल्डिनी याने 1803 साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या देहावर विजेचे प्रयोग केले होते, आणि हे सगळे धागे टीपांत द्यायलाच हवेत. तरी मृत देहात जीव घालण्याची कल्पना त्या मुलीच्या मनात का रुतून बसली याचं उत्तर मला रोजनिशीच्या त्या नोंदीत मिळतं, बेडकांत नाही. शिवाय प्रयोगशाळेतली कडाडणारी वीज मूळ कादंबरीत जवळपास नाहीच. तिथे निर्जीव देहात चेतनेची ठिणगी घालण्याचा मोघम उल्लेख आहे. मानेतले खिळे आणि विजेची यंत्रं 1931 च्या चित्रपटाची.

‘गॉडझिला’ या जपानी चित्रपटातल्या महाकाय राक्षसाच्या बाबतीत उगम तारखांमध्ये आहे. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्रॅव्हो’ हा हायड्रोजन बॉम्बचा चाचणी-स्फोट केला. अंदाज 6 मेगाटनांच्या आसपासचा होता, स्फोट झाला 15 मेगाटनांचा. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘फुकुर्यू मारू क्रमांक 5’ ही जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या 23 जणांवर किरणोत्सारी राख पडली. बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबरला वारले. चित्रपट झळकला 3 नोव्हेंबरला. पहिल्याच दृश्यात समुद्रावर डोळे दिपवणारा प्रकाश पडतो आणि एक जहाज पेट घेतं. पुढे आगगाडीतली एक प्रवासी किरणोत्सारी ट्यूना माशांबद्दल त्रासून बोलते आणि आपण नागासाकीतून वाचल्याचं सांगते. त्या प्रेक्षकांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भीती इथून आली. रूप मात्र धंद्याच्या गणितातून आलं. 1952 मध्ये ‘किंग काँग’ पुन्हा प्रदर्शित होऊन चालला होता, 1953 मध्ये अणुस्फोटाने जाग्या झालेल्या सागरी प्राण्याचा एक अमेरिकी चित्रपट येऊन गेला होता, आणि निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियाबरोबरचा एक चित्रपट ऐनवेळी बारगळल्याने त्यांना तातडीने विषय हवा होता. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांच्या मनात आधी महाकाय ऑक्टोपस होता. नाव तयार झालं गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांतून.

‘एलियन’ या 1979 च्या चित्रपटाबद्दलही ‘त्यातला राक्षस परजीवी गांधीलमाशीवरून घेतला’ असं सांगतात. वागण्यापुरतं ते मान्य. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या, आतून खात बाहेर पडणाऱ्या या माश्यांनी डार्विनही अस्वस्थ झाला होता. दयाळू ईश्वराने असले कीटक मुद्दाम निर्माण केले असतील हे मला पटत नाही, असं त्याने 1860 साली वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्रात लिहिलं. परजीवी जीवांचं चक्र डोळ्यांसमोर होतं हे पटकथाकार डॅन ओबॅनननेही सांगितलं आहे. रूपाची साखळी वेगळी आहे. पूर्ण न झालेल्या एका चित्रपटाच्या कामासाठी 1975 साली ओबॅनन पॅरिसला गेला, तिथे त्याने चित्रकार एच. आर. गिगरची चित्रं पाहिली, ती पुढे दिग्दर्शक रिडली स्कॉटपर्यंत पोचली, आणि स्कॉटने ‘नेक्रोनॉम 4’ या 1976 च्या चित्रावर बोट ठेवलं. छाती फोडून निघणाऱ्या पिल्लासाठी चित्रकार फ्रान्सिस बेकनची 1944 ची तीन चित्रं नमुन्याला होती. कुणी काय, कुठे आणि कधी पाहिलं, हे इथे पायरीपायरीने दाखवता येतं. नुसतं साम्य सापडलं आणि अशी साखळी नसेल, तर मी टीप लिहीत नाही.

कधी उगम अगदीच क्षुल्लक निघतो आणि लोकांना ते सहन होत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातले घुबडास्वल, लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर आणि जमिनीखालून येणारा बुलेट हे तिघेही स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पाकिटातून आले. खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याला पटावर मांडायला राक्षस हवे होते, दुकानात हे विचित्र पुतळे मिळाले, आणि त्यांना शक्ती जोडल्या गेल्या. तरी दरवर्षी मला कुणीतरी घुबडास्वलाचं मूळ प्राचीन पुराणांत दाखवणारा लेख पाठवतं.

आता तुमचे मंगळवासी. मोठं डोकं, गोल शरीर, तोंडाभोवती सोळा शुंडा, म्हणजे सोंडेसारखे लवचिक अवयव. ऑक्टोपस आठवणं स्वाभाविक आहे, आणि माणसं खाणाऱ्या शीर्षपाद (ऑक्टोपसच्या वर्गातल्या) प्राण्यांवर वेल्सने 1896 साली एक कथाही लिहिली होती, त्यामुळे तो प्राणी त्याच्या मनात नव्हता असं म्हणता येणार नाही. पण ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या दुसऱ्या खंडाचं दुसरं प्रकरण नीट वाचा. तिथे निवेदक सांगतो की मंगळवासीयांचं आक्रमण होण्याच्या खूप आधी एका लेखकाने, 1893 च्या नोव्हेंबर किंवा डिसेंबरमध्ये, ‘पॉल मॉल बजेट’ या नियतकालिकात भविष्यातल्या माणसाचं असंच वर्णन केलं होतं. यंत्रांमुळे हातपाय झिजतील, रसायनांमुळे पचनसंस्था उरणार नाही, मेंदू वाढत जाईल, आणि मेंदूइतकाच टिकून राहील तो फक्त हात. तो निनावी लेखक वेल्स स्वतः होता, आणि तो लेख होता दहा लाखाव्या वर्षातल्या माणसाबद्दलचा. टी. एच. हक्सलींकडे जीवशास्त्र शिकलेल्या तरुणाने उत्क्रांतीचं गणित पुढे नेऊन पाहिलं होतं. पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी केलेला संहार आठवून देतो आणि विचारतो की मंगळवासी तसंच वागले तर आपण तक्रार कोणत्या तोंडाने करणार.

त्या सोळा शुंडा आठ-आठच्या दोन जुड्यांत आहेत. कादंबरीतले शरीररचनातज्ज्ञ त्या जुड्यांना एक नाव देतात, आणि निवेदक म्हणतो की ते नाव चपखल आहे. ते नाव आहे ‘हात’.